आत्यानं राखून ठेवलेलं नाव

क्योतो,
८ जून २०२५

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

मी आत्या झाले! सचिनचा फोन आला तेव्हा नागपूरच्या मंडळींना घेऊन मी जुन्या वस्तीतल्या चढणीवर उभी होते. हातात माझी पिवळी छत्री, मागे धापा टाकणारे काका-काकू, आणि मी भर रस्त्यात ओरडले, "पोरगी झाली आमच्या घरी!" जपानी माणसं रस्त्यात असं ओरडत नाहीत. सगळे वळून बघायला लागले. एका काकूंनी लगेच पिशवीतून संत्रा बर्फी काढली आणि आजूबाजूच्या दुकानदारांनाही वाटली. तुझ्या नातीची मिठाई गिरडच्या आधी क्योतोत वाटली गेली, हे सगळ्यांना सांग.

बाळ फार कमी वजनाचं आहे म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलंय, असं सचिन म्हणाला. घाबरू नको. मीही मुठीएवढीच होते असं तूच सांगतेस, आणि आता बघ माझ्याकडे. उज्वलाला म्हणावं, डिंकाचे लाडू खा आणि झोप काढ.

बारशाचं मात्र ठरल्याप्रमाणे. माझ्याशिवाय करायचं नाही. जुलैच्या शेवटी इथे उकाड्यानं पर्यटक कमी होतात, तेव्हा मी येते. नाव मी धरलंय. ते मी कोणालाच सांगणार नाही, तुलाही नाही. उज्वला पाचव्या महिन्यापासून विचारते आहे, पण आत्यानं पाळण्यात वाकून कानात सांगेपर्यंत नाव फुटता कामा नये. एवढा एकच तर मान असतो आत्याला!

गेल्या पत्रात तू विचारलंस, दिवसभर लोकांना नुसतं पायी फिरवतेस म्हणजे करतेस तरी काय? तुझ्या कानाला फोन चालत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुला पळताना दिसतात, तेव्हा पत्रातूनच फिरवते तुला. चल.

वरच्या देवळापासून आपण खाली उतरायला लागतो. दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, समोरून दारापुरती आणि आत गोठ्यासारखी लांबच लांब. एका उतारावर मी सगळ्यांना बजावते, इथे पाय घसरून पडू नका, जो पडतो तो तीन वर्षांत मरतो म्हणतात. मग आपली मंडळी एकमेकांचे हात धरून अशी उतरतात की हसू येतं. सकाळी बायका दारात पाणी शिंपडतात, अगदी तुझ्या सड्यासारखं, फक्त शेण नसतं. पुढे ओढा, ओढ्यावर वाकलेली झाडं, आणि तिथून एक अरुंद गल्ली. आमची फेरी त्या गल्लीत संपते.

गल्लीच्या टोकाला लाकडी देव्हाऱ्यात दगडाचं एक बाळ आहे. खरं तर तो जिझो नावाचा बाबा आहे, लेकरांचा राखणदार, पण चेहरा बाळाचाच. अशी बाळं इथे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. त्यांच्या गळ्यात लाल लाळेरं आणि डोक्यावर टोपडं असतं. ज्यांची लेकरं गेली त्या आया बांधतात म्हणे. आजच्या दिवशी हे कशाला लिहिलं मी! सोड. बाळाला माझ्याकडून पापा.

तुझी,
सुरभी

*

गिरड,
२७ जून २०२५

चि. सुरभीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. इकडे आहे तसं आहे. पाऊस ठीक. वांग्याची रोपं लावली. सांबाराच्या जुड्या पाण्यानं सडल्या, त्यामुळे या आठवड्यात बाजारात फक्त पालक नेला. सचिन कामात असतो.

बारशाचं आता काही ठरवू नकोस. तिकीट काढू नकोस. ते पुढे ढकललं आहे. सचिनला फोटोसाठी तगादा लावतेस असं कळलं. तो लावू नकोस. एवढ्या लहान लेकराचे फोटो आपल्यात काढत नाहीत.

तू मला छान फिरवलंस. दगडी उतार आवडला. पण शेवटच्या गल्लीतलं नीट लिहिलं नाहीस, अर्ध्यातच सोड म्हणालीस. त्या बाळाला कपडे कोणी घातले तर चालतात? तिथलीच आई लागते का? एखादं उघडं बाळ आहे का? मोठं किती आहे? वीतभर की हातभर? डोकं केवढं? पुढच्या पत्रात बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पण हे लिही.

उज्वला बरी आहे. जेवत जा.

आई

*

क्योतो,
१५ जुलै २०२५

ती. आईस,

मी रागावले आहे, आणि ते लपवून लिहायला मला येत नाही.

सचिन फोन उचलत नाही. मेसेज केला तर "सगळं ठीक" एवढंच. उज्वलाचा फोन बंद. तू लिहितेस, तिकीट काढू नकोस. एवढं न कळण्याइतकी मी काही कुक्कुलं बाळ नाही. बारसं उरकलंत ना तुम्ही? पुलगावची रूपाली जवळ आहे, काकाची पोर म्हणजे चुलत का होईना आत्याच, तिला बोलावलंत आणि मोकळे झालात. माझ्या वाटचे पाठीतले धपाटे तिनं खाल्ले. काय नाव ठेवलं तेही सांगत नाही तुम्ही, मला वाईट वाटेल म्हणून. तसंच वाईट वाटलंय. परदेशात राहते म्हणून मी घरातून वजा झाले का गं? मी इथे आरशासमोर उभी राहून ते नाव किती वेळा म्हणून बघितलंय, तुला सांगूनही खरं वाटणार नाही.

असो. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, कारण तू एवढ्या हौसेनं कधी काही विचारत नाहीस.

कपडे कोणीही घालावेत. गल्लीत मोरिता आजी राहतात, तुझ्याहून मोठ्या, कंबरेत वाकलेल्या. त्या रोज सकाळी बाळाला आंघोळ घालतात. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी: जी लेकरं आईबापांच्या आधी जातात त्यांना पलीकडची नदी एकट्यानं ओलांडता येत नाही. ती काठावर बसून दगडावर दगड रचत राहतात. मग हा बाबा येतो आणि त्यांना आपल्या अंगरख्याच्या बाहीत घेऊन पार करतो. म्हणून लोक त्याच्यापुढे लहान लहान दगडही ठेवतात, लेकरांचं काम तेवढं हलकं व्हावं म्हणून.

ऑगस्टच्या शेवटी इथे या बाबाचा सण असतो, मुलांचा. गल्लीतल्या प्रत्येक लेकराच्या नावाचा कागदी कंदील टांगतात, मुलीचा लाल आणि मुलाचा पांढरा. खाऊ वाटतात. आपल्या तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार जातात ना, तसाच गोंधळ.

आमच्या गल्लीतल्या बाळाचं लाळेरं उन्हापावसानं विटून गेलंय आणि टोपडं नाहीच. ते हातभर उंच आहे. डोकं सोललेल्या नारळाएवढं. काय करणार आहेस, त्याच्यासाठी झबलं शिवणार? दगडाला शिवण्यापेक्षा नातीला शिव की. तिच्या अंगावर काय घातलंय तेवढं तरी कळव.

सुरभी

*

गिरड,
२९ जुलै २०२५

चि. सुरभी,

बारसं झालं नाही. रूपालीला बोल लावू नकोस. ती आली होती, उज्वलाला न्हाऊ घालून, तिचे केस विंचरून गेली.

बाळ राहिलं नाही गं. तुझं पहिलं पत्र मला मिळालं त्याच्या आधीच गेलं. ती पेटीतून बाहेर आलीच नाही. डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी जीव तोडून केलं, पण तिला श्वासच पुरत नव्हता. मी काचेवर हात ठेवला तेव्हा तिनं मूठ उघडली होती. रडायची का ते मला ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड दिसायचं.

तुला कळवू दिलं नाही ते मीच. सचिन तयार होता. मी म्हटलं, ती परक्या मुलखात एकटी, तिच्याजवळ रडायला कोण आहे? मग तुझं ते बर्फीचं पत्र आलं आणि माझा हात आणखीच आखडला.

दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, हे तुला माहीत आहे. सचिननं तिला कडेवर घ्यावं तसं नेलं आणि गावच्या टेकडीच्या पायथ्याशी मातीत ठेवून आला. सुतक नाही, तेरवी नाही, माणसं जमली नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातले बंडूजी विचारायला आले, रोपं केव्हा लावता? त्यांची काही चूक नाही. असं लेकरू गेलं की कोणी बोलत नाही, अशीच रीत आहे. बाया सांगून गेल्या की रडू नका, लेकराची वाट ओली होते. कोणाजवळ बसून दुःख करायचं तर त्याला जागाच नाही. मी वाफ्यात बसून निंदण करते आणि तिथंच रडते, मला ऐकू येत नाही म्हणून किती जोरात रडते ते कळत नाही.

ती पेटीत होती तेव्हा मी माझ्या लाल लुगड्याचं झबलं आणि टोपडं शिवलं होतं. मऊ पडलेलं लुगडं आहे. तिच्या अंगाला ते लागलं नाही. आता ते द्यायचं कोणाला? अशा लेकराचं कापड गावात कोणी घेत नाही, आणि आपणही देऊ नये. ओढ्यात सोडू म्हटलं तर उज्वला सोडू देईना. उशाखाली घेऊन झोपायची. दीड महिना झाला, ती "हो" आणि "नाई" याच्यापलीकडे बोलत नव्हती. माहेरीही गेली नाही.

तुझं रागाचं पत्र मी चुलीपाशी वाचत होते. तिनं ते माझ्या हातातून घेतलं. सगळं वाचलं. नदीचं वाचलं, कंदिलाचं वाचलं. मग माझ्यासमोर येऊन बसली, मला ओठ दिसावेत म्हणून, आणि म्हणाली, "आई, ताईनं काय नाव धरलं होतं जी?"

मी तिला समजावलं की बिननावाचं गेलं तेच बरं, म्हातारी माणसं म्हणतात नाव ठेवलं की जीव अडकते. ती म्हणाली, "मंग अडकू द्या न."

घरात आता ती एवढंच मागते आहे. झबलं-टोपडं तिनं स्वतः उशाखालून काढून दिलं, ते या पुडक्यात आहे. झबल्याच्या कोपऱ्यात टेकडीचा एक दगड बांधला आहे, लहानपणी तू खिसे भरून आणायचीस तसला, सुपारीसारखा गोल. तिला ठेवलंय तिथलाच आहे. त्या बाबापुढे ठेव.

नावाचं काय करायचं ते मला कळत नाही. आत्या तू आहेस. तुला योग्य वाटेल ते कर.

आई

*

क्योतो,
२४ ऑगस्ट २०२५

आई,

पुडकं मंगळवारी आलं. तुझं पत्र मी जिन्यात उभ्या उभ्या वाचलं आणि तिथंच बसले. मला कळवलं नाहीस याचा राग आला, आणि तुला मी काय काय लिहिलं ते आठवून त्याहून जास्त लाज वाटली. "तिच्या अंगावर काय घातलंय तेवढं तरी कळव." हे वाक्य तुम्ही दोघींनी वाचलंत. मला क्षमा करू नका म्हटलं तरी कराल, म्हणून मागत नाही.

लुगड्याला अजून आपल्या घराचा धूर आहे. मी दोन रात्री ते छातीशी धरून रडले. वाट ओली झाली असेल तर होऊ दे, मी धरून नेईन तिला, असं मनात म्हटलं.

काल इथला मुलांचा सण होता. आणि काल तिकडे तान्हा पोळा. दोन्ही एकाच दिवशी आले. मी सुट्टी घेतली. छत्री घेतली नाही. झबलं-टोपडं दुपट्यात गुंडाळून कडेवर घेतलं आणि वरच्या देवळापासून निघाले, रोज निघते तशीच.

आई, मी तिला सगळं गाव दाखवलं. कोणी वेडी म्हणेल, म्हणो. ही बघ लाकडी घरं, ही बघ तुझ्या आजीसारखी सडा टाकणारी बाई. हे मातीच्या भांड्यांचं दुकान, इथेच तुझी बर्फी वाटली होती. त्या तीन वर्षांच्या उतारावर मी पहिल्यांदाच घाबरले. एरवी लोकांना गंमत म्हणून सांगते, काल भिंतीला धरून एकेक पायरी उतरले, कारण कडेवर ती होती. ओढ्यावर थांबले, पाणी दाखवलं. फेरी कुठेही लवकर संपवली नाही. पैसे देऊन येणाऱ्यांना मी कधी एवढं मनापासून फिरवलं नसेल.

गल्लीत कंदील लागले होते. मोरिता आजींना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. कंदील गल्लीतल्या मुलांचेच असतात, म्हणून मी विचारायला कचरत होते. त्या म्हणाल्या, तू रोज या गल्लीतून जातेस, मग तुझी भाची या गल्लीचीच. त्यांनी एक लाल कंदील काढला, ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुमच्या अक्षरांत लिही.

तेव्हा मी थांबले. बारसं व्हायच्या आधी नाव लिहायचं कसं? म्हणून आधी बाळाला झबलं बांधलं, टोपडं घातलं. टोपडं जरा मोठं झालं, डोळ्यांवर आलं. नव्या बाळांचं येतंच. टेकडीचा दगड पायापाशी ठेवला. मग मी वाकले, त्या दगडी बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. एकदा सांगितलं आणि मला उठताच येईना. तशीच वाकून हुंदके देत राहिले. मोरिता आजींना आपलं बारसं काय माहीत? पण मी रडते आहे हे बघून त्या मागून आल्या आणि माझ्या पाठीवर थोपटायला लागल्या. आधी हळू, मग जोरात. त्यांचा हात म्हाताऱ्या बायकांचा असतो तसा टणक आहे. मी म्हटलं, अजून मारा. त्यांना मराठी कळत नाही, तरी थांबल्या नाहीत.

म्हणजे धपाटे मलाच मिळाले, आई. रूपालीला नाही.

नाव गोपिका आहे. तुझ्या आईचं. पण तेवढ्यासाठी नव्हतं धरलं. नातीला घरभर हाका मारतील आणि तुला त्या ऐकू येणार नाहीत, याचं मला फार वाटायचं. म्हणून मी आरशासमोर नावं म्हणून बघायचे, तुला ओठांवरून ओळखू येईल असं नाव शोधत. गो म्हणताना ओठ गोल होतात, पि म्हणताना मिटून उघडतात. चुकायला जागाच नाही.

उज्वलाला सांग. माझं पत्र दाखवून नको, तू तोंडानं सांग. कंदिलावर मी ते नाव आपल्या अक्षरांत लिहिलं आणि तो संध्याकाळभर जळला. तो उतरवेपर्यंत मी तिथेच बसले होते.

सुरभी

*

गिरड,
१४ सप्टेंबर २०२५

ताईंना उज्वलाचा नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी आलं. आईंनी ते वाचून डब्यात ठेवलं. तुम्ही तोंडानं सांगा असं लिहिलं होतं, पण त्यांच्यानं होईना. दोन दिवस त्या माझ्यासमोर येऊन बसायच्या आणि उठून जायच्या. शेवटी मीच डबा उघडला. तुम्ही रागावू नका.

काल आम्ही दोघी वांगी तोडत होतो. त्या पलीकडच्या ओळीत होत्या. मी उभी राहिले, त्यांनी माझ्याकडे बघेपर्यंत थांबले, आणि नाव घेतलं. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले असतील. पण त्यांना कळलं. टोपली खाली ठेवली आणि त्यांनीही म्हटलं. तुम्हाला माहीतच आहे, ऐकू येत नसल्यानं त्या किती मोठ्यानं बोलतात. "गोपिका!" म्हणाल्या आणि बगळे उडाले शेतातले. मग मीही ओरडले. दोघी कितीतरी वेळ ओरडत होतो, ताई. ज्या लेकराबद्दल तीन महिने घरात शब्द निघाला नव्हता, तिचं नाव टेकडीपर्यंत गेलं असेल.

बंडूजी धावत बांधावर आले. त्यांना वाटलं, साप निघाला. म्हणाले, "काऊन वं उज्वला, कोणाले हाका मारून राह्यल्या?"

मी सांगितलं, "माह्या पोरीले, काकाजी."

तुमची,
उज्वला